हापसीला बांधलेले जवाईबुवा

भाऊजी, परवा तुमच्या पुण्यानुमोदनाला अकोल्याला आलो, तेव्हा दारातल्या नळाला हात लावूनच आत शिरलो. कोणी सांगितलं नव्हतं. सांगणारा माणूस समोरच्या टेबलावर, फ्रेमच्या आत, हाराच्या मागे बसला होता आणि मला आठवतं तेव्हापासून पहिल्यांदाच तोंड मिटून होता. हात आपोआप गेला. थंडगार लोखंड बोटांना लागलं आणि मी तसाच उभा राहिलो. आतून "लावला काय हात?" असं यायला हवं होतं. मागचे लोक म्हणाले, "चला ना पुढं," तेव्हा चपला काढल्या.

तुमच्या त्या नळानं किती लोकांना वेड्यात काढलं, भाऊजी! "पयले नळाले हात लावून ये" असं तुम्ही म्हणायचे आणि येणारा बिचारा हात धुऊन, निथळत्या बोटांनी तुमच्या सर्किटांपुढे येऊन उभा राहायचा. एकानं तर पायही धुतले होते. तुम्ही कपाळावर हात मारून ओरडायचे, "अरे धू नोको बाप्पा, नुसता लाव! अंगातलं स्टॅटिक जमिनीत जाऊ दे!" बार्शीटाकळीची एक बाई इन्व्हर्टरचं कार्ड घेऊन आली होती. तिनं नळाला हात लावला आणि तोच हात भक्तिभावानं कपाळाला लावला. आम्ही सगळे हसलो. तुम्ही नाही हसलात. म्हणालात, "तिले समजलं नसन, पण केलं तिनंच बराबर. तुमी हसणाऱ्याइनं लावला काय हात?" आमच्यातल्या एकानंही लावला नव्हता.

घरात सगळीकडे प्लास्टिकचे पाइप आले, तेव्हा तेवढा एक लोखंडी पाइप तुम्ही प्लंबरशी भांडून ठेवला. ताई म्हणायची, "या घरात एक मी जुनी अन् एक तो पाइप."

तुमचं काम घरच्याच दुकानात सर्किटं दुरुस्त करायचं आणि माझं कापडाचं. इतर घरांत साळा-भाऊजीचं भांडण मानपानावरून होतं, वावराच्या धुऱ्यावरून होतं. आपलं घर्षणावरून झालं. अमरावतीच्या माझ्या दुकानात टेरिकॉट, नायलॉन, पॉलिस्टर, आणि हिवाळा लागला की ती गुबगुबीत ब्लँकेटं, ज्यांच्यावर एकतर वाघ असतो नाहीतर गुलाब. तुम्ही दुकानात यायचे आणि गादीवर न बसता पायरीवर उभं राहून तो सगळा माल असा बघायचे, जसा पोलीस पाटील दारूची भट्टी बघतो.

"कपाशीच्या मुलखातला माणूस तू," तुम्ही म्हणायचे. "दर्यापूरपासून इथलोक दोन्ही बाजूनं कापूस. अन् तू लोकाइले प्लास्टिक नेसवून राह्यला!"

"लोकच मांगतात भाऊजी. इस्त्री लागत नाई."

"तुह्या दुकानातला माल माह्या दुकानात गिऱ्हाईक धाडते, साळेबुवा. समजून घे."

"मंग उपकार माना ना माहे!"

तुम्ही हसायचे नाही. तुम्ही कधीच वेळेवर हसत नव्हतात, भाऊजी. दोन दिवसांनी ताईचा फोन यायचा, "ते आज जेवताना एकदम हसले, काय बोलला होता तू?"

एकदा हिवाळ्यात मी ब्लँकेट पिशवीतून ओढून काढलं, गिऱ्हाइकापुढे झटकलं आणि शटरला हात लावला. चट! मी ओरडलो. तुम्ही पायरीवरून इतक्या आनंदानं बघत होतात, जसं काही मला पुरस्कार मिळाला. "पाह्य! आता तुले जे जाणवलं ना, ते लय मोठं होतं. हजारो व्होल्ट. माणसाले मोठंच जाणवते. त्या चिपले याच्या कितीतरी कमी पुरते. तुले समजतही नाई अन् आत बारीक रेघ जळून जाते."

"मंग जळाली तं कळंनच ना. बंद पडंन."

"बंद पडली तं बरं," तुम्ही म्हणालात. आवाज एकदम खाली गेला होता. "अर्धी जळते कधी कधी. चालते. सारं ठीक दिसते. अन् मंग एक दिवस, कोणी हात न लावता, बसून जाते. लोक म्हणतात कंपनी खराब. अरे, ते मागंच कवातरी मेलं होतं."

मी लगेच मान हलवून म्हणालो, "माणसाचंही असंच असते, भाऊजी." मला अशी वाक्यं सुचतात, तुम्हाला माहीत आहे. लग्नात माइक माझ्या हातात देतात ते उगीच नाही. तुम्ही मला चष्म्यावरून पाहिलं. "मी चिपबद्दल बोलून राह्यलो. माणसाचं माणसापाशी."

म्हणून या लिहिण्यात मी तुमची कुठल्याही चिपशी तुलना करणार नाही. मोह खूप होतो आहे. पण तुम्ही चष्म्यावरून बघाल.

आता आईच्या कानाच्या मशीनकडे यायला हवं. मी टाळतो आहे, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

आईला मशीन घेतली त्याच हिवाळ्यात ती पहिल्यांदा बंद पडली. आई माझ्याकडे, अमरावतीत. अंगावर माझ्याच दुकानातली नायलॉनची साडी, त्यावर माझ्याच दुकानातलं वाघाचं ब्लँकेट. सकाळी ब्लँकेट अंगावरून ओढून काढलं, मशीन कानात घालायला हात नेला, चट झालं आणि मशीन गप्प. मी तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, "हात नोको लावजो. येतो." आणि खरंच आलात, ताईला घेऊन, दुकान बंद करून. तुम्ही! लग्नाच्या पंगतीतून पहिल्या वाढपालाच उठणारा माणूस!

आमच्या घरचे नळ प्लास्टिकचे. तुम्ही तोटी बघितली, तोंड वाकडं केलं आणि अंगणात गेलात. तिथं आमची बंद पडलेली हापसी. पाणी कधीच आटलेलं, पण तिचं लोखंड जमिनीत खोलवर गेलेलं. तुम्ही पिशवीतून अंगातलं स्टॅटिक जमिनीत सोडणारा तो मनगटाचा पट्टा काढला, त्याची वायर चिमट्यानं हापसीच्या दांड्याला लावली आणि शेजारी पोतं टाकून बसलात. सुती सदरा, सुती पोतं, मांडीवर स्टीलची ताटली, ताटलीत आईची मशीन. आई दारात येऊन उभी राहिली. बराच वेळ बघत राहिली. मग माझ्या बायकोला म्हणाली, "काहून वो, जवायाले हापसीले कायले बांधलं?"

त्या वाक्यावर माझा संसार चालला, भाऊजी. किती बारशांत, किती साक्षगंधांत मी तो किस्सा सांगितला. "आमचे भाऊजी पळून जातील म्हणून आईनं हापसीला बांधले." तुम्ही पंगतीत खाली मान घालून जेवत असायचे.

त्या वेळी आतली चिप खरोखर गेली होती. तुम्ही ती कंपनीकडे पाठवून बदलून आणलीत आणि निकाल दिलात, "साळेबुवा, तुमचं ब्लँकेट." तुम्ही दोन दिवस राहिलात. आईनं पातोडीची भाजी केली. तुम्ही तिला मशीन कशी धरायची, ब्लँकेटच्या आधी काढून डबीत कशी ठेवायची, सगळं शिकवलं. ती "हो जवाईबुवा, हो जवाईबुवा" करत राहिली. ताई आणि आई ओट्यावर बसून गहू निवडत होत्या. गहू आधीच निवडलेले होते.

त्यानंतर मशीन बिघडतच गेली. दिवाळी झाली की बिघडायची. संक्रांतीला बिघडायची. आई ती माझ्यापुढे आणून ठेवायची, "पाह्य बरं, बंद पडली. जवायाले सांग." मी फोन करायचो, तुम्ही दोघं बसनं यायचे, मूर्तिजापूरला चहा प्यायचे, दुपारपर्यंत हापसीला बांधून घ्यायचे. ठरलेला क्रम. पट्टा लावायचा, मशीन मुठीत घट्ट धरायची, डोळे मिटून खोकायचं, मग ताटलीत ठेवून उघडायची, पुसायची, बंद करायची. "झाली." आणि माझ्याकडे बघून, "तुमचं ब्लँकेट." खोकला सोल्डरच्या धुराचा असेल असं मला वाटायचं. मी तुम्हाला काढा पाठवायचो.

आणि मग ते मे महिन्यातलं प्रकरण. आपल्याकडचा मे म्हणजे घरात कूलर, आणि कूलरपुढे ठेवलेला पापडही सादळतो. आईची मशीन तेव्हाही बिघडली. तुम्ही आलात, हापसी तापलेली म्हणून ओल्या फडक्यानं धरून चिमटा लावलात, खोकलात, पुसलीत आणि म्हणालात, "ब्लँकेट." मी या क्षणाची वर्षानुवर्षं वाट पाहत होतो.

"भाऊजी, स्टॅटिकले कोरडी हवा लागते, हे तुमीच शिकवलं. घरात कूलरची दमट हवा. कोठून येईन स्टॅटिक?"

"तुले काय समजते?"

"अन् ब्लँकेट? मे महिन्यात ब्लँकेट पेटीत असते, भाऊजी!"

तुम्ही पट्टा सोडता सोडता थांबलात. आईकडे पाहिलं. आई पदराशी चाळा करत होती. तुम्ही म्हणालात, "मंग पेटीतून झालं असन."

पेटीतून झालं असन! जन्मभर विज्ञान सांगणाऱ्या माणसाला मी हरवलं होतं. हा किस्सा मी हापसीच्या किश्श्याला जोडून सांगायला लागलो. लोक पोट धरून हसायचे. तुम्ही तेव्हाही पानातला भात कालवत असायचे.

या हिवाळ्यात आईनं पुन्हा मशीन आणून ठेवली. माझ्या मनात आलं, का त्या माणसाला दर वेळी धावायला लावायचं? वय झालं, पायऱ्या चढताना दम लागतो, बसमध्ये उभं राहावं लागतं. मी आईला घेऊन गेलो आणि नवी कोरी मशीन घेतली. छोटीशी, कानात दिसतही नाही अशी. घरी आल्यावर मोठ्या ऐटीत तुम्हाला फोन लावला.

"भाऊजी, आता तुमची सुटका! आईले नवीन मशीन घेतली. दुकानवाला म्हणे, तुमच्या स्टॅटिकचा बापही काही करू शकत नाई."

तुम्ही काहीच बोलला नाहीत. मला वाटलं, लाइन कटली. "हॅलो, भाऊजी?"

"हाव. ऐकून राह्यलो." मग म्हणालात, "बरं झालं. आईले सांग, साडी सुती नेसत जा."

"या ना तरी दोन दिवस."

"येतो. हातातलं काम आटपलं का येतो."

मी फोन ठेवला. ठेवता ठेवता तिकडून ताई तुम्हाला विचारत होती, "काय म्हणे तो? निघाचं काय?" एवढं कानावर आलं होतं. मी ते ऐकलं आणि ऐकलं नाही. आई नवी मशीन कानात घालून माझ्या बाजूला बसली होती. माझं सगळं बोलणं तिला स्वच्छ ऐकू आलं होतं. ती उठली आणि आत गेली. मला वाटलं, तिला नव्या मशीनची सवय नाही.

तुमच्या हातातलं काम आटपलं नाही. थंडी सरायच्या आधी तुम्हीच आटपलात.

परवा वंदना झाली, लोक बोलले. तुमच्याबद्दल सगळ्यांनी चांगलं सांगितलं आणि बहुतेकांनी नळाची गोष्ट सांगितली. मलाही माइक दिला. मी तोंड उघडलं आणि हापसीचा किस्सा जिभेवर आला, कारण मला दुसरं काही येतच नाही. पण समोर पांढऱ्या साडीत ताई बसली होती, शेजारी आई, आणि मी "जयभीम" म्हणून खाली बसलो.

जेवणं झाल्यावर ताई तुमच्या खोलीत टेबल पुसत बसली होती. मी नळाला हात लावून आत गेलो. तुमचा पट्टा खिळ्याला टांगलेला होता. मी म्हणालो, "ताई, एक दाखव. आईनं जुनी मशीन अजून जपून ठेवली हाय. भाऊजी ते दुरुस्त कसे करत? मले जमंन काय?"

"काय दुरुस्त?"

"मशीन. दर वेळी बिघडे ती."

ताईनं फडकं खाली ठेवलं. माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी लहानपणी गणितात नापास होऊन यायचो तेव्हा पाहायची. "बिघडलीच कुठं होती रे? एक पयल्या वेळी. मंग कधीच नाई."

"मंग ते हापसीपाशी बसून काय करत?"

"बसत." ताई म्हणाली. "मशीन चालू असली अन् मुठीत धरली, का शिटी वाजते बारीक. ते मुठीत धरत, शिटी वाजे, अन् तुले ऐकू जाऊ नये म्हणून खोकत. मले पयल्याच वर्षी सांगितलं त्याइनं. म्हणे, मशीन चांगली हाय. तुह्या मायले आपण पायजे."

माझ्या तोंडून एवढंच निघालं, "मंग नुसतं बोलावलं असतं आईनं."

"जवायाले बिनाकामाचं कसं बोलवन ती? अन् हे बिनाकामाचे कुठं गेले कधी?" ताई हसली आणि लगेच डोळे पुसले. "दोघंही तसेच. त्याइले मशीन सापडली बापा."

मग मी भीत भीत विचारलं, "अन् पेटीतून?"

"ते घरी येऊन म्हणे, तुह्या भावाले विद्या आली. अक्कल अजून याची बाकी हाय."

भाऊजी, मला तुमच्याशी भांडायचं आहे. एवढी वर्षं तुम्ही माझ्या ब्लँकेटवर आळ घेतला. भरल्या पंगतीत घेतला. त्या वाघानं एका चिपपलीकडे काही केलं नव्हतं. तुम्हाला विज्ञान इतकं प्यारं, की पाहुण्यानं नळाला हात लावल्याशिवाय त्याला पाणी देत नव्हतात, आणि एका म्हातारीसाठी तुम्ही मे महिन्यात, कूलरपुढे, पेटीतल्या ब्लँकेटमधून स्टॅटिक काढून दाखवलंत. माझ्यापुढे हरलात. मी तो किस्सा जिंकल्यासारखा गावभर सांगत फिरलो आणि तुम्ही तुमच्या पानातला भात कालवत राहिलात. एकदा, फक्त एकदा, त्या हापसीपाशी मला बोलावून म्हणायचं होतं, "अबे येड्या, इकडं ये, ऐक शिटी." मी गप्प राहिलो असतो. राहिलो असतो का? बहुतेक नाही. पुढच्याच बारशात सांगितलं असतं. तुम्ही माणूस ओळखून होतात.

पण मग मी ती नवी मशीन घेतली नसती.

तुम्हाला सोय करून द्यायला गेलो आणि यायचं कारणच काढून घेतलं. परवापासून मला हेच सारखं आठवतं. त्या फोनवर तुम्ही गप्प झालात तेवढा वेळ आठवतो. तुम्हाला "येतो" म्हणायला काम लागायचं आणि तुमच्या हातून काम मी घेतलं होतं, मोठ्या ऐटीत, स्पीकर चालू ठेवून. तुमचे आभार मानायचे राहिले, ते वेगळंच. तुम्ही आमच्या अंगणात दर वेळी अर्धा दिवस काहीही न करता बसलात. कामाचा माणूस होतात, तुम्हाला ते किती जड गेलं असेल, हे मला आज समजतं.

काल अमरावतीला परत आलो. आई आल्यापासून खाटेवर बसून होती. नवी मशीन डबीत. आज सकाळी मी दुकानाला निघालो, तर तिनं हाक मारली. तळहातावर जुनी मशीन होती.

"पाह्य बरं," ती म्हणाली. "बंद पडली."

मी तिच्याकडे पाहिलं. तिनं नजर खाली घातली आणि पदराशी चाळा करायला लागली.

मी दुकानाच्या किल्ल्या ठेवल्या. अंगणात गेलो. ताईनं येताना तुमचा पट्टा माझ्या पिशवीत टाकला होता. तो मनगटाला बांधला, चिमटा हापसीच्या दांड्याला लावला, पोतं टाकलं आणि बसलो. अंगातला पॉलिस्टरचा शर्ट आठवला. उठलो, आत जाऊन बनियनवर आलो, पुन्हा बसलो. शेजारीण भिंतीवरून बघून गेली. आई दारात येऊन उभी राहिली. या वेळी तिनं विचारलं नाही, का बांधलं म्हणून.

मशीन मुठीत धरली आणि घट्ट दाबली. बारीक शिटी वाजली, भाऊजी. अगदी स्पष्ट. इतकी वर्षं ती माझ्यापासून पाच पावलांवर वाजत होती.

मी खोकलो. ऐकणारं कोणी नव्हतं, आईला तर मशीनशिवाय ढग गडगडले तरी ऐकू येत नाहीत. तरी खोकलो. मग उघडली, पुसली, बंद केली, तिच्या कानात घातली आणि म्हणालो, "आई, आज पुरती चालंन. पण नीट नाई झाली. मले नाई जमत हे. ताईलेच बोलवा लागते. त्याइच्या हाताखाली तिनं पाह्यलं हाय सारं."

"येईन काय ती? एकटी?"

"कामाले येईन ना. न येऊन कशी?"

आईनं मान हलवली. हापसीच्या दांड्यावरचा चिमटा तिनं स्वतःच्या हातानं काढला, वायर गुंडाळली आणि माझ्या हातात दिली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "कशानं झालं असन रे?"

थंडी सरलेली. पेटी आत, कुलपात. ब्लँकेट तिच्या तळाशी. उन्हं चढायला लागली होती.

"माह्याच ब्लँकेटनं झालं, आई," मी म्हणालो. "दुसरं काय!"